काजळासारखे आत: कायमस्वरूपी आयलायनरच्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील बाई ३४ वर्षांच्या आहेत. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी त्या राहतात आणि तेथून सोळा किलोमीटरवरील प्राथमिक शाळेत शिकवतात. हे लेखन त्यांच्या संमतीने केले आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. तपासणीच्या नोंदी मात्र केसपेपरवर आहेत तशाच ठेवल्या आहेत. मी जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रचिकित्सक म्हणून काम करते आणि या प्रकरणात माझाही एक भाग आहे, जो फारसा भूषणावह नाही.

शाळेला जाण्याचा त्यांचा रस्ता केळीच्या बागांमधून आणि नंतर उघड्या माळावरून जातो. हा प्रवास रोज स्कूटीवरून होतो. डोक्याला आणि तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली असली तरी डोळे उघडेच राहतात. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारच्या झळा ओलावा शोषून घेतात. काजळ त्या वयाच्या बाराव्या वर्षापासून लावत होत्या. काजळाशिवाय आपला चेहरा आजारी दिसतो असे त्यांचे म्हणणे होते आणि शाळेत एखाद्या दिवशी ते राहिले तर सहकारी खरोखरच ‘बरं नाही का?’ असे विचारत. घामाने गालावर उतरलेले काजळ पुसणे हा त्यांचा रोजचा त्रास होता.

कायमस्वरूपी आयलायनर करून घेण्याच्या दोन वर्षे आधी त्या चष्म्याचा नंबर तपासण्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. संध्याकाळी वह्या तपासताना डोळे चुरचुरतात, असे त्यांनी तेव्हा सांगितले होते. निघताना त्यांनी विचारले, “मॅडम, ते काजळ कायमचं करून मिळतं म्हणे, ते केलं तर चालतं का?” मी हसून म्हणाले, “अहो ताई, इतके छान डोळे आहेत, सुया कशाला टोचून घेता?” बाहेर रांग होती. केसपेपरवर मी फक्त नंबर लिहिला, चुरचुरण्याचे कारण नंबरावर ढकलले आणि पापण्यांच्या कडा तपासल्या नाहीत.

प्रक्रियेचा दिवस

धाकट्या भावाचे लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ठरले होते आणि त्याआधी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचे होते. ओळखीच्या पार्लरमध्ये सुरतेहून महिन्यातून एकदा एक आर्टिस्ट येत असे. सुरत खानदेशाला मुंबईपेक्षा जवळची वाटते. साड्या तेथून येतात, नातलग तेथे असतात, त्यामुळे आर्टिस्ट सुरतेची आहे ही गोष्ट भरवशाचीच ठरली. वर आणि खाली मिळून साडेसहा हजार रुपये सांगितले गेले. आदल्या दिवशी फोनवर ‘कशाची अ‍ॅलर्जी आहे का’ एवढे विचारण्यात आले. कानामागे रंगाचा ठिपका देऊन दोन दिवस वाट पाहण्याची चाचणी झाली नाही, कारण आर्टिस्टचा मुक्काम एकाच दिवसाचा होता.

या प्रक्रियेत बारीक सुईने रंगाचे कण पापणीच्या केसांच्या मुळांशी, त्वचेच्या वरच्या थराच्या लगेच खाली बसवले जातात. गोंदणाचेच हे तत्त्व आहे, फक्त जागा अतिशय अवघड आहे. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्याखालचा भाग सैल असतो. सुई किंचित खोल गेली तरी रंग एका रेषेत न राहता आजूबाजूला पसरू शकतो. केसांच्या रांगेमागे, पापणीच्या डोळ्याकडील कडेवर मायबोमियन ग्रंथींची तोंडे असतात. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. त्यांतून येणारे तेल अश्रूंवर पातळ साय धरते आणि त्या सायीमुळे अश्रू लवकर उडून जात नाहीत.

आर्टिस्टने केसांच्या रांगेत आखलेली रेषा आरशात पाहून बाई म्हणाल्या, “असं बाहेर नको, मला काजळासारखं आत पाहिजे.” माझ्या मते या प्रकरणातील सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. आयलायनर हा शब्द बाहेरून आला आणि त्याबरोबर त्याची जागाही आली: पापणीच्या बाहेर, त्वचेवर. आपल्याकडच्या बाईच्या डोक्यात मात्र डोळ्यांत घालायची वस्तू म्हणजे काजळ, आणि काजळाची जागा खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर. तेथे बोटाने लावलेले काजळ रात्री धुऊन निघते. सुईने टोचलेला रंग मात्र थेट ग्रंथींच्या तोंडांत बसतो. आर्टिस्टने एकदा नको म्हणून पाहिले, दुसऱ्यांदा आग्रह झाल्यावर ‘थोडंसं’ आत केले. ग्राहकाला नाही म्हणणे पार्लरच्या धंद्यात किती कठीण आहे, याची मला कल्पना आहे. दवाखान्यातही ते सोपे नसते.

त्याआधी पापण्या बधिर करण्यासाठी क्रीम लावली होती. डाव्या बाजूची क्रीम डोळ्यात उतरली, क्षणभर आग झाली आणि नंतर काहीच जाणवेना. लिडोकेन-प्रिलोकेन मिश्रणाची क्रीम क्षारधर्मी असते. ती बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, इजा करते आणि त्याच वेळी तो बधिरही करते, त्यामुळे इजा झाल्याचे कळायला काही तास जातात. पाण्याने दोन-तीन हबके मारून काम पुढे चालू राहिले. न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की सुई नवी होती आणि बाईंसमोरच पाकीट फोडले गेले. एका सुईमुळे पसरू शकणाऱ्या कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीच्या धोक्याचा विचार करता ही छोटी गोष्ट नव्हे.

समस्या

रात्री डाव्या डोळ्यात असह्य वेदना सुरू झाल्या. उजेड सहन होईना, पाणी थांबेना. पहिले दोन दिवस सूज येतेच, असे फोनवर सांगितले गेले आणि ते एरवी खरेही असते. साध्या प्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस सूज, मग आठवडाभर बारीक खपल्या आणि साधारण महिना-दीड महिन्यात रंग स्थिर होणे, हा नेहमीचा क्रम आहे. त्या क्रमात न बसणारे लक्षण म्हणजे डोळा उघडता न येण्याइतकी वेदना आणि अंधुक दृष्टी. दुसऱ्या दिवशी यजमानांनी औषधाच्या दुकानातून थेंब आणले. त्यांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड होते. कॉर्नियावर जखम असताना स्टेरॉइडने तात्पुरता आराम वाटतो, पण जखम भरायला उशीर होतो आणि जंतुसंसर्गाला, विशेषतः शेतीच्या भागात नेहमी दिसणाऱ्या बुरशीच्या संसर्गाला, मोकळीक मिळते.

चौथ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. सोबत सासूबाई आणि माहेरची आजी होती. उजव्या डोळ्याची दृष्टी ६/९, डाव्याची ६/१८ (६/६ ही सामान्य दृष्टी, खालचा आकडा वाढेल तितकी नजर कमी). फ्लुओरेसिनचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिल्यावर डाव्या कॉर्नियाच्या खालच्या भागात सुमारे तीन मिलिमीटर रुंदीचा हिरवा चमकणारा पट्टा दिसला: वरचा थर निघालेली जागा. सुदैवाने पांढरा डाग, म्हणजे संसर्गाची खूण, नव्हती. दोन्ही खालच्या पापण्यांच्या कडेवर काळे ठिपके ग्रंथींच्या तोंडाशी बसले होते आणि डाव्या बाहेरच्या कोपऱ्यात रंग दोन-तीन मिलिमीटर खाली पसरून निळसर झाला होता. काळे कण खोल गेले की वरच्या त्वचेतून ते निळे दिसतात.

त्याच तपासणीत दुसरी एक गोष्ट दिसली आणि ती चार दिवसांची नव्हती. ज्या तोंडांवर रंग नव्हता, तीही घट्ट, मेणासारख्या पदार्थाने बुजलेली होती आणि पापणीच्या कडेवर बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या होत्या. ग्रंथींचा हा विकार काही वर्षांचा असावा. वह्या तपासताना होणारी चुरचुर त्यामुळेच होती, नंबरामुळे नव्हे.

आजीच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर जुने गोंदण होते. सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणी गोंदून घेतल्याचे त्यांनी सांगितले. नातीच्या डोळ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, “हातले ठीक से, डोयाले सुई कसाले?” दोन वर्षांपूर्वी मी जे म्हटले होते, जवळपास तेच. फरक एवढाच की आजीला ग्रंथी तपासण्याचे शिक्षण नव्हते.

समोर असलेले पर्याय

तातडीचा निर्णय वादाचा नव्हता. स्टेरॉइड बंद करणे, कॉर्निया भरून आणणे आणि खपल्या न ओढणे, एवढेच करायचे होते. खरे प्रश्न त्यानंतरचे होते आणि त्यांना लग्नाच्या तारखेची घाई होती.

पहिला पर्याय आर्टिस्टने स्वतःच दिला: सहा आठवड्यांच्या आत विनामूल्य ‘टचअप’ करून डावी रेषा उजवीसारखी जाड करायची, म्हणजे पसरलेला भाग झाकला जाईल. बाईंचा कल सुरुवातीला याकडे होता, कारण फोटोत दोन डोळे वेगळे दिसतील ही त्यांची सर्वांत मोठी चिंता होती. मी याला स्पष्ट विरोध केला. सुजलेल्या, सैल झालेल्या त्वचेत पुन्हा सुई गेली तर रंग आणखी पसरण्याची शक्यता अधिक होती आणि झाकण्यासाठी आणखी ग्रंथी खर्ची पडल्या असत्या.

दुसरा पर्याय लेझरने रंग काढण्याचा. यूट्यूबवर तो फार सोपा दिसतो. पापणीवर लेझर द्यायचा तर डोळ्याच्या आत, कॉर्नियावर धातूची ढाल बसवावी लागते. ते जळगावात त्या वेळी मला कोणाकडे सोपवावे असे वाटले नाही, म्हणजे नाशिक किंवा पुणे गाठावे लागले असते. त्याहून मोठी अडचण रंगाची होती. लोहाच्या ऑक्साइडचे आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे रंग लेझरने फिके होण्याऐवजी एकदम काळे पडू शकतात, तर शुद्ध कार्बनचा काळा रंग लेझरला चांगला प्रतिसाद देतो. यांपैकी काय टोचले आहे हे कळले तरच निर्णय घेता आला असता. आम्ही बाटलीचे लेबल मागितले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या छायाचित्रात छटेचे नाव होते, घटकांची यादी नव्हती. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून अशा रंगांतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेत टोचण्यासाठी कोणत्याही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही. ही माहिती आमच्या हातातल्या बिनघटकांच्या बाटलीबद्दल काहीच सांगत नव्हती. लेझर म्हणून पुढे ढकलला.

तिसरा पर्याय एका मैत्रिणीने सुचवला होता: मिठाचे द्रावण सुईने टोचून रंग वर आणणे. नुकत्याच जखमी झालेल्या डोळ्याजवळ पुन्हा सुई आणि मीठ, यावर मी फारसे बोलले नाही. शस्त्रक्रियेने त्वचेची बारीक पट्टी काढण्याचा विचारही मी एका वाक्यात संपवला, कारण खालची पापणी बाहेर उलटण्याचा धोका कोपऱ्यातल्या एका निळसर डागासाठी पत्करण्याजोगा नव्हता.

उरला चौथा पर्याय: रंगाला हात न लावणे आणि ग्रंथींवर उपचार करणे. हा पर्याय ऐकायला ‘काही न करणे’ वाटतो आणि लग्न तीन आठवड्यांवर आलेल्या घरात तो पटवणे सगळ्यांत अवघड गेले. सासूबाईंनी विचारले, “मग एवढे पैसे देऊन पोरीने काय मिळवलं?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि मी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही.

काय केले

पहिल्या टप्प्यात मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे थेंब, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू दर दोन तासांनी आणि वेदना कमी करण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब दिले. बँडेज लेन्स, म्हणजे जखमेवर पट्टीसारखी बसवायची मऊ लेन्स, टाळली, कारण धूळ आणि उन्हाच्या दिवसांत चाळीस किलोमीटरवरून रोज तपासणीला येणे त्यांना शक्य नव्हते. डोळा बांधूनही ठेवला नाही. कॉर्नियाचा थर पाचव्या दिवशी पूर्ण भरला.

दोन आठवड्यांनी अश्रूंची तपासणी केली. शर्मरच्या, म्हणजे खालच्या पापणीत अडकवायच्या कागदी पट्टीवर पाच मिनिटांत उजवीकडे १४ आणि डावीकडे १२ मिलिमीटर ओल आली, म्हणजे पाणी पुरेसे होते. मिटलेला डोळा उघडल्यानंतर अश्रूंचा थर फुटण्याचा काळ मात्र उजवीकडे ६ आणि डावीकडे केवळ ३ सेकंद होता. तो १० सेकंदांच्या वर असणे अपेक्षित आहे. पाणी आहे, साय नाही, असे मी त्यांना सांगितले, आणि दुधाच्या घरातली बाई असल्याने ते त्यांना लगेच समजले.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे सोसेल इतका गरम शेक, लगेच पापणीच्या कडेकडे हलका दाब देत मालीश आणि कडेची स्वच्छता, असा क्रम दिला. त्या गर्भवती नव्हत्या किंवा अंगावर पाजत नव्हत्या, याची खात्री करून सहा आठवडे डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक दिले. शेकाची सवय लागायला महिना गेला. मेच्या उकाड्यात डोळ्यांवर गरम फडके ठेवायला सांगणारी डॉक्टर बाई वेडी असावी, असे त्यांच्या जावेचे मत असल्याचे मला नंतर कळले. स्कूटीवर बाजूंनी बंद असलेला गॉगल वापरायला सांगितले आणि शाळेत पंख्याच्या झोतासमोरची खुर्ची बदलायला सांगितली. गॉगलची सूचना औषधांपेक्षा लवकर उपयोगी पडली.

लग्नात त्यांनी डोळ्यांना काहीही लावले नाही. हळदीचे फोटो त्यांनी आजतागायत कोणाला दाखवलेले नाहीत.

परिणाम

पावसाळ्यापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी चष्म्यासह ६/६ झाली. दिवाळीच्या तपासणीत अश्रूंचा थर उजवीकडे ९ आणि डावीकडे ६ सेकंद टिकत होता. चुरचुर आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आली. डाव्या खालच्या पापणीतील रंगाखाली गेलेल्या चार-पाच ग्रंथी दाबल्यावर तेल देत नव्हत्या आणि त्या पुढेही सुरू झाल्या नाहीत. वरच्या पापण्यांवरची रेषा, जी केसांच्या रांगेत बाहेर होती, तिने कोणताही त्रास दिला नाही आणि ती सुंदरही दिसत होती. हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला.

याच काळात त्यांना मानदुखीसाठी एमआरआय सांगण्यात आला. रंगातील लोहाच्या ऑक्साइडमुळे क्वचित पापणी गरम वाटू शकते किंवा जवळच्या भागाची प्रतिमा बिघडू शकते, परंतु एवढ्यावरून एमआरआय नाकारण्याचे कारण नसते. तंत्रज्ञाला आधी सांगावे, अशी चिठ्ठी मी दिली आणि तपासणी विनातक्रार झाली.

वेगळे काय करता आले असते

सगळा दोष आर्टिस्टवर टाकणे सोपे आहे आणि गावात तसे झालेही. चाचणीचा ठिपका द्यायलाच हवा होता. क्रीम डोळ्यापासून दूर ठेवली असती आणि डोळ्यात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटे सतत धुतला असता, तर चौथा दिवस उजाडलाच नसता. आतल्या कडेला नाही म्हणणे हेही तिचेच काम होते. पण तिला त्वचेचे शिक्षण मिळाले होते, डोळ्याचे नाही. बुजलेल्या ग्रंथी तिला दिसणे शक्यच नव्हते. त्या मला दिसायला हव्या होत्या, दोन वर्षे आधी.

त्या दिवशी मी ‘सुया कशाला’ म्हणाले नसते आणि पापणीची कड पाहिली असती, तर पुढील गोष्टी सांगता आल्या असत्या: आधी ग्रंथींवर तीन महिने उपचार करू, करायचेच असेल तर वरच्या पापणीवर आणि बाहेर करा, उन्हाळ्यात आणि लग्नाच्या तोंडावर करू नका, खालच्या पापणीला हात लावू देऊ नका. पाच मिनिटांचे बोलणे होते. माझ्या हसण्यातून बाईंनी अर्थ घेतला की डॉक्टरला हे विचारण्यासारखे नाही, आणि पुढचा प्रश्न त्यांनी पार्लरमध्ये विचारला. नटण्याबद्दलचा प्रश्न हलका आणि दुखण्याबद्दलचा गंभीर, ही वाटणी मी केली होती, त्यांनी नव्हे. आता केसपेपरवर ‘डोळ्याभोवती काही करण्याचा विचार आहे का’ अशी एक ओळ मी छापून घेतली आहे. तिच्यापुढे ‘हो’ लिहिणाऱ्या बायकांची संख्या मला वाटली होती त्याहून बरीच जास्त निघाली.

तारखेबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्नसराईच्या तीन आठवडे आधी ही प्रक्रिया करणे, सगळे सुरळीत झाले तरी चुकीचेच होते, कारण रंग स्थिर व्हायला आणि दुरुस्तीच्या दुसऱ्या बैठकीला मिळून किमान अडीच-तीन महिने लागतात. लग्न आखाजीनंतर असेल तर काम संक्रांतीच्या आधी झालेले हवे.

चौदा महिन्यांनंतर

पुढच्या जूनमध्ये त्या पुन्हा आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, “मॅडम, आता रागावू नका.” वरची रेषा फिकट तपकिरी झाली होती आणि ती पुन्हा गडद करून घ्यायची होती. या वेळी मी हसले नाही. ग्रंथी तपासल्या आणि काही अटी एकत्र ठरवल्या: थंडीचे दिवस, त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीतले ठिकाण, घटकांची यादी असलेली बाटली, कानामागे ठिपका आणि दोन दिवसांची वाट, बधिरतेची क्रीम केसांच्या रांगेपलीकडे जाऊ नये म्हणून आधी बोलणे, आणि काम फक्त वरच्या पापणीवर. जानेवारीत नाशिकला हे काम झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रात सूज होती, पाणी नव्हते. महिन्यानंतरच्या तपासणीत अश्रूंचा थर पूर्वीइतकाच टिकत होता.

डाव्या खालच्या कोपऱ्यातला निळसर डाग अजून आहे. लेझरबद्दल त्यांनी पुन्हा विचारले नाही. शाळेत जाताना त्या डागावर बोटाने थोडे काजळ ओढतात आणि माझ्याकडे तपासणीला येण्याच्या दिवशी ते पुसून येतात, तरी कडेला थोडे राहतेच.